रिस्ट्रेन : अडवणारे क्रियापद

हिंगोलीहून वाशीमकडे निघाले की मराठवाडा संपता संपता कनेरगाव नाका हे गाव लागते. आज अकोला-नांदेड महामार्गावरच्या गाड्या इथून न थांबता निघून जातात. पुढे वाशीम जिल्हा सुरू होतो, पण हद्द ओलांडल्याचे प्रवाशाच्या लक्षातही येत नाही. १९४८ पर्यंत तसे नव्हते. हिंगोली निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, तर वाशीम इंग्रजांच्या अमलाखालच्या वऱ्हाडात. इकडे हाली शिक्का चालायचा, तिकडे कलदार. टपालाची तिकिटे वेगळी होती, कायदे वेगळे होते आणि माल हद्दीवर आला की संस्थानच्या करोडगिरी खात्याला जकात भरावी लागे.

यातली विसंगती अशी की कागदोपत्री दोन्हीकडचा धनी एकच होता. १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली गेले, १९०२ च्या कराराने ते वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर इंग्रजांना कायमचे पट्ट्याने मिळाले, पण नावापुरती मालकी निजामाचीच राहिली. तरीही हद्दीवर माल अडायचा तो अडायचाच. मात्र या अडवण्यालाही माप होते. १८०२ च्या व्यापारी तहात ठरले होते की कंपनीच्या मुलखातून येणाऱ्या मालावर शेकडा पाचपेक्षा जास्त जकात घ्यायची नाही. म्हणजे एक सरकार व्यापाऱ्याला अडवत होते आणि एक तह त्या सरकारला अडवत होता.

या प्रकरणात ज्या क्रियापदाची ओळख करून घ्यायची आहे ते हेच काम करते. इंग्रजीत ते ‘रिस्ट्रेन’. कोर्टाच्या हुकमात, पोलिसांच्या कागदात, नोकरीच्या करारात, मनोरुग्णालयाच्या नियमांत ते पुन्हा पुन्हा भेटते. त्याचा नेमका अर्थ माहीत नसल्याने अनेक जण आपला हक्क गमावतात, तर काही जण नसलेला हक्क गाजवतात. म्हणून ते नीट समजून घ्यायला हवे.

शब्द आणि त्याची बांधणी

‘रिस्ट्रेन’च्या मुळाशी लॅटिनमधली ‘मागे बांधून धरणे’ ही क्रिया आहे. पुढे जाऊ पाहणारे कुणीतरी आहे, त्याला जोर आहे, आणि तो जोर कुणीतरी आवरून धरतो आहे, हे चित्र या क्रियापदात कायम असते. म्हणून ‘प्रिव्हेंट’ आणि ‘रिस्ट्रेन’ एक नव्हेत. लस टोचून आजार ‘प्रिव्हेंट’ करता येतो, ‘रिस्ट्रेन’ करता येत नाही. भांडणात अंगावर धावून जाणाऱ्या भावाला दोघांनी दंडाला धरून मागे ओढले, तर ते ‘रिस्ट्रेन’.

वाक्यात हे क्रियापद कर्म मागते. कुणाला अडवले ते सांगावे लागते, आणि कशापासून अडवले ते सांगायचे तर ‘फ्रॉम’ जोडून पुढचे क्रियापद ‘इंग’वाल्या रूपात येते. कोर्टाच्या हुकमात ‘प्रतिवादी इज रिस्ट्रेन्ड फ्रॉम ऑब्स्ट्रक्टिंग’ अशी रचना असते ती यामुळे. कर्म म्हणून स्वतःलाही घेता येते. ‘आय रिस्ट्रेन्ड मायसेल्फ’ म्हणजे मी स्वतःला आवरले.

विद्यार्थ्यांचा घोळ होतो तो ‘रिफ्रेन’शी. त्याच्या मुळाशी लगामाचा लॅटिन शब्द आहे आणि आजच्या इंग्रजीत तो लगाम माणूस फक्त स्वतःला घालतो. ‘रिफ्रेन’ला कर्म लागत नाही. दवाखान्यातल्या पाटीवर ‘प्लीज रिफ्रेन फ्रॉम स्मोकिंग’ लिहितात तेव्हा आपण होऊन विडी-सिगारेट टाळा, एवढीच विनंती असते. ‘पोलिसांनी जमावाला रिफ्रेन केले’ हे वाक्य चूक. तिथे ‘रिस्ट्रेन’ हवे. गाण्याचे ध्रुपद या अर्थाचा ‘रिफ्रेन’ तर निराळ्याच मुळातून आलेला आहे.

हा फरक केवळ परीक्षेपुरता नाही. ‘रिफ्रेन’मध्ये अडवणारा आणि अडणारा एकच माणूस असतो, त्यामुळे तंटा नाही. ‘रिस्ट्रेन’मध्ये माणसे दोन असतात, आणि दोन माणसे आली की हक्काचा प्रश्न येतो. तू मला अडवणारा कोण? कायदा सुरू होतो तो या प्रश्नापासून.

गुन्हा केव्हा होतो

मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने १८३७ मध्ये दंड संहितेचा मसुदा दिला. तो १८६० मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून ब्रिटिश हिंदुस्थानात लागू झाला. त्यातले ३३९ वे कलम ‘राँगफुल रिस्ट्रेंट’चे होते. मराठी कायद्याच्या पुस्तकांत त्याला गैरनिरोध म्हणतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तीच व्याख्या तिच्या १२६ व्या कलमात गेली. दीडशेहून अधिक वर्षांत तिचा गाभा बदललेला नाही.

या व्याख्येत तीन गोष्टी लागतात. अडवणे जाणूनबुजून हवे. अडवले गेलेले कुणी माणूस हवे. आणि ज्या दिशेने जाण्याचा त्या माणसाला हक्क आहे, त्याच दिशेने त्याला जाता येऊ नये असे झालेले हवे. तिसरी अट सगळ्यांत महत्त्वाची. शेजाऱ्याच्या बंद घरात शिरण्याचा मला हक्कच नाही, म्हणून त्याने दारात उभे राहून मला रोखले तर तो गैरनिरोध नाही. सार्वजनिक रस्त्यावर मात्र मला हक्क आहे. तिथे त्याने मला रोखले तर तो गुन्हा आहे, मग बाकी तीन दिशा मला मोकळ्या असल्या तरी.

हात लावायची गरज नसते. शिडीने धाब्यावर चढलेल्या माणसाची शिडी खालून काढून घेणे, हेही गैरनिरोधात धरले गेल्याचे मद्रासकडचे जुने उदाहरण कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत हमखास देतात. मागून येणाऱ्या बसला पुढे जाता येऊ नये म्हणून आपली बस रस्त्यावर आडवी लावणाऱ्या चालकाचे उदाहरणही त्याच पानावर सापडते.

चारही बाजू बंद झाल्या की गुन्ह्याचे नाव बदलते आणि वजनही वाढते. ‘कन्फाइन’ म्हणजे ठरावीक हद्दीत कोंडणे. कायद्याच्या भाषेत गैरपरिरोध. कुलूप लावून खोलीत कोंडणे हा उघड प्रकार. पण संहितेच्या उदाहरणांत आणखी एक आहे. इमारतीच्या दारांवर बंदूकवाले उभे करायचे आणि आतल्या माणसाला सांगायचे की बाहेर पडलास तर गोळी घालतील. दार उघडे आहे, कुलूप नाही, तरी तो कोंडलेलाच आहे.

शिक्षेतून या पायऱ्या स्पष्ट दिसतात. नुसते वाट अडवण्याला एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा दंड. जुन्या संहितेत हा दंड पाचशे रुपयांपर्यंत होता, नव्यात तो पाच हजारांपर्यंत आहे. कोंडण्याला एक वर्षापर्यंत कैद. तीन दिवस किंवा त्याहून जास्त कोंडले तर शिक्षा वाढते, दहा दिवसांवर गेले तर आणखी वाढते. कायदा इथे दिवस मोजतो, कारण अडवणुकीत माणसाचे आयुष्य खर्च होत असते. वाट अडवण्याच्या गुन्ह्यात अडवला गेलेला माणूस राजी असेल तर तडजोडही होऊ शकते. गाव-भावकीत राहणाऱ्यांसाठी ही सोय मोठी आहे.

बांधावरची वाट

हिंगोली-वाशीमकडच्या खेड्यांत या क्रियापदाची खरी परीक्षा शेतरस्त्यावर होते. वाटण्या होत होत जमिनीचे तुकडे पडतात आणि मागच्या शेताला पुढच्या शेताच्या बांधावरूनच वाट उरते. एखाद्या वर्षी पुढचा शेतकरी बांध फोडून तिथेही सोयाबीन पेरतो, काट्या टाकतो, नाहीतर चर खणतो. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर आत जात नाही आणि काढणीच्या वेळी माल बाहेर येत नाही. मळणीयंत्र दारात उभे आणि पीक शेतात, अशा अवस्थेत एक आठवडा गेला तरी वर्ष वाया जाऊ शकते.

असा शेतकरी ठाण्यात गेला की त्याला बहुधा उत्तर मिळते, ‘हे दिवाणी प्रकरण आहे.’ त्याला ते टाळाटाळीचे वाटते, आणि कधी कधी ते तसे असतेही. पण या उत्तरामागे कायद्याचे एक कारण आहे. गैरनिरोधाच्या कलमाला एक अपवाद जोडलेला आहे. वाट खाजगी असेल आणि ती अडवण्याचा आपल्याला कायदेशीर हक्क आहे असे अडवणारा सद्भावनेने, म्हणजे पुरेशी काळजी घेऊन, मानत असेल, तर तो गुन्हा होत नाही. बांधाच्या तंट्यात दोघेही वाट आपलीच म्हणतात. हक्क कुणाचा, हे आधी ठरले पाहिजे.

ते ठरवण्याची जागा तहसील कचेरी. दोन कायदे इथे उपयोगी पडतात आणि त्यांतला फरक माहीत असणे फार गरजेचे आहे. वहिवाटीची वाट पूर्वीपासून होती आणि ती कुणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या पाचव्या कलमाखाली दावा करता येतो. तहसीलदार अडथळा दूर करण्याचा आणि पुन्हा अडवू नये असा मनाईचा हुकूम देऊ शकतात. पण दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत यायला हवा. पंचांच्या बैठका, भावकीची मनधरणी, ‘यंदाचं पीक निघू दे’ अशा वायद्यांत हे सहा महिने सहज निघून जातात. समेट जरूर करावा, पण तारीख विसरू नये.

वाट पूर्वी नव्हतीच आणि आता हवी असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चे १४३ वे कलम आहे. दुसऱ्याच्या बांधावरून शेतात जाण्याचा मार्ग तहसीलदार ठरवून देऊ शकतात. शेत कसायला तो मार्ग किती गरजेचा आहे, हे ते पाहतात. निर्णय मान्य नसणाऱ्याला एक वर्षात दिवाणी दावा लावता येतो. दिवाणी न्यायालयात गेले की ‘रिस्ट्रेन’ पुन्हा भेटते. दाव्याचा निकाल लागेपर्यंत प्रतिवादीने वाट अडवू नये म्हणून जो हुकूम मागतात, त्याला आपल्या वकिलांच्या बोलीत तूर्तातूर्त मनाई म्हणतात. तो मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवता येते. वाट अडवणारा इथे स्वतः अडवला जातो.

रस्ता रोको

कनेरगाव नाक्यासारखे दोन विभागांच्या सांध्यावरचे गाव आंदोलनाला सोयीचे असते. महामार्ग थांबला की विदर्भ-मराठवाड्याची वाहतूक थांबते आणि सरकारला दखल घ्यावी लागते. हळदीला, सोयाबीनला भाव मिळत नाही, पीकविमा पदरात पडत नाही, तेव्हा रस्त्यावर बसण्यावाचून शेतकऱ्याचे ऐकतो कोण, हा प्रश्न खोटा नाही. अडवणुकीविरुद्ध लढताना अडवण्याचेच हत्यार वापरणे या मुलखाला नवे नाही. १९४७-४८ मध्ये हैदराबाद मुक्तीच्या लढ्यात वऱ्हाडच्या हद्दीत उमरखेडसारख्या ठिकाणी कार्यकर्त्यांचे तळ होते आणि निजामी सत्तेचे उत्पन्न तोडायचे म्हणून करोडगिरीचे नाके उद्ध्वस्त करण्यात आले.

पण तो लढा जनतेला मत नसलेल्या सत्तेशी होता. आजच्या संविधानात एकोणिसाव्या कलमाने शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क दिला आहे आणि त्याच कलमाने देशभर मुक्त संचाराचाही दिला आहे. रस्ता रोकोत हे दोन हक्क समोरासमोर येतात. न्यायालयांचा कल हळूहळू स्पष्ट होत गेला. सक्तीचा बंद बेकायदेशीर असल्याचा केरळ उच्च न्यायालयाचा १९९७ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी कायम केला. ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये शिवसेना आणि भाजप या दोन्ही पक्षांना प्रत्येकी वीस लाख रुपये भरायला लावले. दिल्लीतल्या शाहीन बागेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितले की निषेधाचा हक्क आहे, पण सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवण्याचा नाही.

रस्त्यावर बसणाऱ्यांनी यातून एक गोष्ट जरूर घ्यावी. बसमधली बाळंतीण आणि मुलाखतीला निघालेला मुलगा यांनी हळदीचा भाव पाडलेला नाही. रुग्णवाहिकेला वाट करून देणारे, वेळ ठरवून बसणारे आणि वेळेवर उठणारे आंदोलन आपला मुद्दा गमावत नाही. उलट त्याच्या बाजूने बोलणारे वाढतात.

सरकारचे माप

सरकारला अडवण्याचे अधिकार खूप आहेत: नाकाबंदी, झडती, जमावबंदी, अटक. पण हे सगळे मोजून दिलेले आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ४६ वे कलम एका वाक्याचे आहे. अटक केलेला माणूस पळून जाऊ नये यासाठी जेवढा निरोध लागेल, त्यापेक्षा जास्त करता येणार नाही, एवढेच ते म्हणते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही ते होते. याच धाग्यावर १९८० मध्ये प्रेमशंकर शुक्ला प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सरसकट बेड्या घालणे अमानुष ठरवले. नव्या संहितेने ठरावीक गंभीर गुन्ह्यांत बेड्यांना वाट दिली आहे, पण जरुरीपेक्षा जास्त नाही हे मूळ तत्त्व शाबूत आहे. अटकेनंतर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याची संविधानाची अटही वेळेचे मापच आहे.

सगळ्यांत नाजूक माप लागते ते आजारी माणसाच्या बाबतीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी येथे एका आश्रमाच्या शेडला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. अठ्ठावीस जण मेले. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ ने साखळीने बांधण्यावर पूर्ण बंदी घातली. रुग्णाला धरून किंवा बांधून ठेवणे तेव्हाच चालेल, जेव्हा त्याच्या स्वतःच्या किंवा इतरांच्या जिवाला तातडीचा धोका असेल आणि दुसरा उपायच नसेल. त्याला मनोविकारतज्ज्ञाची परवानगी लागते, नोंद ठेवावी लागते आणि गरज संपताच सोडावे लागते. शिक्षा म्हणून बांधता येत नाही. माणसे कमी आहेत ही सबबही चालत नाही. घरात असा रुग्ण असलेल्या कुटुंबांचे हाल फार असतात आणि खेड्यात तज्ज्ञ जवळ नसतो, हे खरे आहे. म्हणून तर या कुटुंबांपर्यंत दवाखाना पोचायला हवा. बांधून ठेवणे हा उपचार नव्हे.

पोटावरची अडवणूक

शेवटचा प्रकार कागदावर सही घेऊन केला जातो. भारतीय करार अधिनियम १८७२ चे २७ वे कलम म्हणते की कायदेशीर धंदा, व्यवसाय किंवा व्यापार करण्यापासून कुणाला रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. दुकान नावलौकिकासह विकणाऱ्यावर मात्र त्याच परिसरात तोच धंदा पुन्हा न मांडण्याचे वाजवी बंधन घालता येते. श्रीरामपूरचा गोलंदाज झहीर खान याचे प्रकरण या कलमावरचे ठळक उदाहरण. जाहिरातींचे काम पाहणाऱ्या कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार होता आणि मुदत संपल्यावरही नवा करार करताना पहिली संधी आपल्यालाच हवी, असा तिचा दावा होता. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो मान्य केला नाही. कराराच्या मुदतीनंतर माणसाचे हात बांधून ठेवणे म्हणजे ‘रिस्ट्रेंट ऑफ ट्रेड’. नोकरी सोडल्यावर अमुक वर्षे याच क्षेत्रात काम करायचे नाही, अशा अटीवर सही करताना तरुणांनी हे लक्षात ठेवावे. नोकरी चालू असतानाची बंधने वेगळी आणि ती सुटल्यानंतरची वेगळी.

शेतातली वाट, महामार्ग, कोठडी, रुग्णालयातली खाट आणि नोकरीचा करार, या सगळ्या ठिकाणी कायदा अडवणाऱ्याला तेच विचारतो: कोणत्या हक्काने, कशासाठी, किती आणि किती वेळ? उत्तर देण्याची जबाबदारी अडवणाऱ्यावर असते, वाटेने जाणाऱ्यावर नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा आणि विदर्भ एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात आले, तेव्हा कनेरगावजवळची हद्द दोन राज्यांमधली राहिली नाही. तिथला माल अडवण्याचे कारण उरले नाही आणि कारण संपल्यावर अडवणेही संपायचेच. बांधावर काट्या टाकणाऱ्याला, रस्त्यात बसणाऱ्याला, बेडी हातात असणाऱ्याला हाच न्याय लागू आहे. कारण दाखवता येत नसेल तर वाट सोडावी. आणि आपली वाट विनाकारण अडली असेल तर गप्प बसू नये. अडथळ्याची तारीख लिहून ठेवावी, पंच पाहावेत, आणि सहा महिने उलटण्याआधी तहसील कचेरीत अर्ज द्यावा.